करडवाडीत फोन उचलत नाहीत

तराजूच्या वर, खिळ्याला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन वाजला. एकदाच वाजला आणि गप्प झाला. दुकानात आम्ही तिघं होतो. गिरणीच्या तोंडाशी पिठानं पांढरी झालेली तानाक्का मेटकरी, दारात लुनावर एक पाय टाकून बसलेला तिचा नवरा बिरू, आणि मी, सुसंवाद सेल्युलर कंपनीच्या सांगली कचेरीतला अभियंता मोघे. फोनकडे पाहिलं ते मी एकट्यानं.

"फोन वाजला," मी म्हणालो.

"वाजू द्या की," तानाक्का म्हणाली. "येकदाच वाजलाय."

बिरूनं मान वाकडी करून पिशवीतूनच नाव वाचलं. "लिंबाखालचं."

"साखर आन चापत्ती," तानाक्कानं पुड्या बांधायला घेतल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तीनदा वाजून थांबला.

"वाकडा गोठा. त्याल," बिरू म्हणाला.

"हितनं जाता जाता ते बी टाका."

त्यानं पुड्या आणि तेलाची पिशवी लुनाच्या हँडलला अडकवली, खिशातून स्वतःचा फोन काढून दोन्ही घरांना एकेक रिंग दिली, म्हणजे 'निघालो', आणि माळावरच्या वस्त्यांकडे निघून गेला. या सगळ्या व्यवहारात माझ्या कंपनीला एक पैसा मिळाला नव्हता. मी ज्या गोष्टीचा शोध घ्यायला सांगलीहून दोन एसट्या बदलून आलो होतो, ती माझ्या डोळ्यांसमोर लुनावर बसून गेली.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मोबाइल नुकता खेड्यांत पोचला होता. फोन करणाऱ्याला मिनिटाला पैसे पडत, आणि समोरच्यानं उचललाच नाही तर काहीच पडत नसे. हा नियम कंपनीनं केला होता आणि करडवाडीनं तो लक्षपूर्वक वाचला होता. आमच्या कचेरीत मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. जिल्ह्यात सगळ्यांत जास्त घंट्या करडवाडीच्या टॉवरवरून वाजत आणि सगळ्यांत कमी उत्पन्न त्याच टॉवरचं येई. आमचे मॅनेजर नाडगौडा यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "मोघे, यंत्रात दोष असेल तर काढा. नसेल तर महिनाअखेरीला टॉवर उतरवायचा आणि साखर कारखान्याच्या वसाहतीत उभा करायचा. तिथली माणसं बोलतात."

महिना संपायला आठवडा होता.

यंत्रात दोष नव्हता. दोष, म्हणायचाच तर, तानाक्काच्या डोक्यात होता. करडवाडीचं गावठाण म्हणजे पंधरा-वीस घरं, आणि बाकीचं गाव माळावर वस्त्या करून विखुरलेलं. टॉवर येण्याआधी तिच्या दुकानात माशाच जास्त येत. किलोभर साखरेसाठी कोण दीड कोस तुडवणार? टॉवर आला, वस्त्यांवर फोन आले, आणि तिनं घरटी सांगून टाकलं की तुम्ही नुसतं वाजवा. एक रिंग म्हणजे साखर-चहापत्ती. दोन म्हणजे दळण न्यायला या. तीन म्हणजे तेल. पूर्ण वाजून आपोआप थांबला तर पाहुणे आलेत, रवा-पोहे-शेंगदाणे सगळंच आणा. लागोपाठ दोन फोन पूर्ण वाजले तर मागचा माल खराब निघाला, बदलून द्या.

"आणि पैसे?" मी विचारलं.

"माल दारात, पैसं हातात. आदी कोन देतंय?"

आज माझी नात सोफ्यावर आडवी पडून फोनवरून कोथिंबीर मागवते, ती दारात येते, कुजकी निघाली तर बदलून मिळते, आणि नात माझ्याकडे असं बघते की जणू आजोबांना हे झेपायचं नाही. मी कौतुकानं मान हलवतो. उगाच कुणाचा विरस कशाला करा.

दुपारी तानाक्कानं मला चहा दिला तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. कपात बघूनच सांगितलं. ती पिठाचे हात पदराला पुसत ऐकत राहिली.

"टावर नेनार," ती म्हणाली.

"हो."

"मग ही लुना काय करायची? आन मी? पुन्यांदा माशा मारीत बसू?"

"लोक फोनवर बोलले तर राहील टॉवर. कमाई दिसायला हवी."

"बोलायचं? कुनी?"

"सगळ्यांनी."

"काय बोलायचं?"

कंपनीच्या जाहिरातीत एक तरुण डोंगरावर उभा राहून फोनवर हसत असे. तो काय बोलतो हे आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

तरी तिनं प्रयत्न केला. बिरू परत आला तसं त्याला अंगणात उभं केलं आणि दुकानातून फोन लावला. त्यानं सवयीनं उचलला नाही. "उचला, उचला, बोलायचं हाय," ती आतून ओरडली. त्यानं उचलला.

"हां."

"काय करताय?"

"तुझ्याम्होरं हुबा हाय."

"ते दिसतंय. आजून बोला."

बिरूनं बराच विचार केला. "लुनाचं मागलं चाक हवा सोडतंय."

"मग भरा की."

"भरतो. ठिवू?"

"ठिवा." तिनं फोन पिशवीत टाकला आणि माझ्याकडे वळली. "झालं. येवढंच असतंय बगा बोलायचं. समदं गाव बोललं तरी तुमच्या टावरला चा-पान्याचं सुटायचं न्हाय."

मला पटलं. तेहेतीस वर्षांचा त्यांचा संसार होता, आणि त्याचा सारांश मागच्या चाकातल्या हवेशी येऊन थांबला होता.

परतीची एसटी चुकली होती, तेव्हा मुक्काम तिथंच. दिवेलागणीला तानाक्का गिरणीवर बसली, बिरू दळणं पोचवायला गेला. मी तिचा फोन हातात घेऊन रेंजच्या काड्या मोजत दुकानात येरझाऱ्या घालत होतो. अहवालात लिहायला काहीतरी हवं होतं. तेवढ्यात माझ्या हातातच फोन वाजला. नोकरीला लागल्यावर आम्हाला जे प्रशिक्षण दिलं होतं त्यातलं पहिलं वाक्य होतं की फोन वाजताच उचलावा आणि हसतमुखानं बोलावं. अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं. मी हसतमुखानं म्हणालो, "नमस्कार, बोला."

पलीकडे कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद झाला.

गिरणीच्या खडखडाटात तानाक्काला काही ऐकू गेलं नाही. मी वहीत नोंद केली. आवाज स्पष्ट, संभाषण अपुरं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण होतं. तानाक्का मधूनमधून पिशवीकडे बघत होती.

"मंगलचा वाजला न्हाय आज," ती म्हणाली.

"वाजंल," बिरू म्हणाला.

मंगल म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगराखाली बाभुळवाडीला दिलेली. रोज दिवे लागले की ती आईच्या फोनवर एक रिंग द्यायची. अर्थ, मी बरी आहे. आई एक रिंग परत द्यायची. अर्थ, आम्हीही. टॉवर आल्यापासून फोनवर मायलेकींचं इतकंच चाललेलं.

"वाजला होता की," मी भाकरी मोडत म्हणालो. "संध्याकाळी. नाव तेच होतं. मी घेतला."

बिरूचा घास वाटेत थांबला. "घेतला म्हंजे? हातात?"

"उचलला. नमस्कार म्हणालो."

तानाक्कानं ताटातला हात काढला. "सायेब, आमच्याकडं फोन उचलत्यात कवा, ठावं हाय का?"

"कधी?"

"मानूस गेलं की."

मी भाकरी खाली ठेवली. बिरूनं समजावून सांगितलं. साखर, तेल, दळण, बरं आहे, निघालो, पोचलो, हे सगळं रिंगमध्ये भागतं. पैसे घालून बोलावं अशी बातमी एकच. बिरूचे चुलते वारले तेव्हा उचलला होता, भिवाची म्हातारी गेली तेव्हा उचलला होता. उचलला की पुढं काही विचारायचं नसतं. ठेवायचा आणि निघायचं.

"आन तुमी तर," तानाक्का म्हणाली, "बापयाच्या आवाजात नमस्कार घातला."

"मग आपण लगेच फोन करून सांगू," मी म्हणालो. "पैसे मी देतो."

तिनं लेकीचा नंबर लावला आणि कानाला धरला. ऐकलं, आणि फोन माझ्या कानाला लावला. आमच्या कंपनीची ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात सांगत होती की या मार्गावरील सर्व वाहिन्या व्यस्त आहेत. पुन्हा लावला. व्यस्त. बिरूच्या फोनवरून लावला. व्यस्त.

"ही बाई कोन?" बिरूनं विचारलं. "तिला कुनी सांगितलं?"

करडवाडीचा टॉवर छोटा होता. एका वेळी सात जण बोलू शकत. उभा राहिल्यापासून त्याच्यावर दोघंसुद्धा एकदम बोललेले नव्हते, आणि आता सातच्या सात जागा भरल्या होत्या. बाभुळवाडी वस्त्यांना सांगत होती, वस्त्या आपापल्या पाहुण्यांना सांगत होत्या, आणि पाहुणे खात्री करायला उलट वस्त्यांना विचारत होते. समोर ज्या बाईच्या मरणाची बातमी ही गर्दी वाहून नेत होती ती जिवंत बसून कालवणात भाकरी बुडवत होती, आणि तरीही मला खोटं बोलायचं नाही, माझ्यातला अभियंता आतून सुखावला. आमची वाहिनी व्यस्त होती. अशी वेळ यावी म्हणून आम्ही दोन वर्षं पोस्टर लावत होतो.

"राहू द्या," शेवटी तानाक्का म्हणाली. "सकाळी येत्यालच. किती जन येतील हो?"

"जीप भरून," बिरू म्हणाला. "सुखाला येत न्हाईत, रडायला समदी येत्यात."

तिनं परातीत हरभऱ्याची डाळ भिजत घातली. बिरूनं विचारलं, "मला रडाय लागंल का?"

"मी हाय न्हवं हितं," तानाक्का म्हणाली. "मला बगून रडा पायजे तर."

सकाळी उन्हं वर यायच्या आत वळणावरून जीप दिसायच्या आधी ऐकू आली. तानाक्का पहाटेपासून गिरणीवर होती. पाहुण्यांच्या भाकरीचं पीठ दळायचं होतं. मी बाहेर धावत जाऊन सगळ्यांना थांबवणार होतो, तर तिनं मला दाराआड ओढलं.

"थांबा जरा."

जीप अंगणात थांबली आणि तिच्यातून पहिल्यांदा उतरली ती मंगलची सासू, कोंडाबाई. तानाक्काचं आणि या विहिणीचं लग्नातल्या आहेराच्या लुगड्यावरून बिनसलेलं होतं, ते बिरूनं मला रात्री सांगितलं होतं. कोंडाबाईनं अंगणातच बसकण मारली आणि सूर लावला. "माज्या लाखाच्या इहिनी, कुटं गेलीस गं. अशी इहीन दुसरी व्हायची न्हाय गं. लेक दिली तर अशी दिली, कामाला वाघीन गं. आन त्या लुगड्याचा मी येवढा राग धरला, माजंच चुकलं गं."

"तानाक्का, बाहेर चला," मी कुजबुजलो.

"गप बसा हो. तीन वर्सांत पयल्यांदा चांगलं बोलतीया. ऐकू द्या."

लुगड्याचा रंगसुद्धा तसा वाईट नव्हता, इथपर्यंत कोंडाबाई आली, तेव्हा कुठं तानाक्काचं समाधान झालं. ती दारात आली, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरीफटक. रडं जागच्या जागी थांबलं. जीपचा ड्रायव्हर पुन्हा जीपमध्ये चढला.

"इहीनबाई, चा ठिवू का?" तानाक्कानं विचारलं.

कोंडाबाईनं तिला खालीवर न्याहाळलं. "जित्ती हाईस?"

"हाय."

"मग मला रडवलंस कशाला?"

तोवर मागून मंगल धावत आली आणि आईला बिलगली. पिठासकट बिलगली. त्यामुळे थोड्या वेळानं अंगणात दोन पांढऱ्या बायका होत्या, आणि त्यातली कोण हसतेय आणि कोण रडतेय हे सांगता येत नव्हतं. कोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले. "त्या लुगड्याचा रंग बरा हाय येवढंच म्हनाले मी," ती म्हणाली, "पोताचं म्हनाले न्हाय." मग तीही हसायला लागली, तिच्यामागून सगळी जीप हसायला लागली, आणि ड्रायव्हर खाली उतरला.

माझी ओळख करून देण्यात आली. "ह्येनीच मारलं मला," असं तानाक्कानं सांगितलं. कोंडाबाई म्हणाली, "मानूस दिसाय तर गरीब दिसतंय."

डाळ शिजत होती तेवढ्यात बिरूच्या ध्यानात आलं की आणखी जीपा निघाल्या असतील. विट्याहून, दिघंचीहून, कुठून कुठून. त्यांना थांबवायला हवं. आणि इथं करडवाडीची मोठी अडचण उभी राहिली. 'गेली' हे कळवायला फोन उचलला की भागत होतं. 'गेली नाही' याला रिंगच नव्हती. कुणालाच ती लागेल असं वाटलं नव्हतं.

"बोलावंच लागंल," तानाक्का म्हणाली.

सगळे बोलायला बसले. अंगणात, गोठ्यात, जीपच्या टपावर. मेल्याची बातमी मिनिटात संपते, माणूस मेलंच नाही हे समजावून सांगायला केवढा वेळ लागतो, ते मी त्या सकाळी पाहिलं. "न्हाय हो, हाय, जित्ती हाय. कोन? तानाक्काच. न्हाय, तिनं न्हाय उचलला. टावरचं सायेब हायेत येक, त्येनी उचलला. का? आता का म्हनून काय सांगू, शिकलेलं हायेत." पलीकडच्याचा विश्वास बसेना. मग तानाक्काला स्वतः फोनवर यावं लागे. ती म्हणे, "मी बोलतीया." तरी पलीकडून पुरावा मागत, आणि तिला जुन्या आठवणी सांगाव्या लागत. कुठल्या लग्नात कोण रुसलं, कोणाची शेळी कोणाच्या शेतात गेली. एका चुलत नणंदेशी ती इतका वेळ बोलली की डाळ लागली. फोन ठेवून ती मला म्हणाली, "बारा वर्सं बोललो नव्हतो आमी. का ते दोगींना बी आठवंना."

टॉवरवर किती जण बोलताहेत ते मी दुपारपर्यंत बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. टॉवरखालच्या खोलीतला पंखा पहिल्यांदाच सारखा फिरत होता.

निघताना मंगल आईला म्हणाली, "आता आजपासनं रोज उचलायचा."

"आन पैसं?"

"जातील त्ये जातील. पर येकदा नुसती रिंग आन येकदा उचलायचा, असं न्हाय जमायचं. पुन्यांदा कुनी चुकून उचलला तर मी पुन्यांदा रडत यायचं का? समद्यांनीच रोज उचलला तर उचलल्यावर कुनी मेलं असं वाटायचं न्हाय."

तर्क बिनचूक होता. कोंडाबाईनंही मान डोलावली. "आन येकदा मला बी दे फोन," ती तानाक्काला म्हणाली. "लुगड्याचं आपलं आजून बोलायचं ऱ्हायलंय." साखर आणि तेल पूर्वीसारखंच रिंगवर चालू राहणार होतं. तिथं तानाक्का एक इंच हलली नाही.

महिनाअखेरीला नाडगौडांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आलेख पसरलेला होता. करडवाडीची रेघ वर्षभर जमिनीला चिकटून आलेली, आणि मग एका संध्याकाळी ती जी उठली ती कागदाबाहेर गेली होती. नंतरही खाली आली, पण जमिनीवर नाही.

"मोघे, टॉवर राहतोय. तुम्ही नक्की काय केलंत?"

"फोन उचलला, साहेब."

त्यांनी ते माझ्या विनयशीलतेच्या खात्यात टाकलं आणि अहवालात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'ग्राहकांशी थेट भावनिक संपर्क.' अहवाल मुंबईला गेला. मुंबईनं विचारलं, ही मोहीम सगळ्या जिल्ह्यांत राबवता येईल का? मी कळवलं की येईल, फक्त प्रत्येक गावात योग्य बाई मिळायला हवी.

पुढच्या वर्षी कंपनीनं फोनवर इंटरनेट आणलं. कोल्हापुरात मोठ्या सभागृहात समारंभ झाला. मुंबईहून बत्रा नावाचे वरचे साहेब आले, त्यांना मराठी येत नव्हतं. पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी सांगितलं की यापुढे माणूस घरी बसून फोनवरून सामान मागवेल आणि ते त्याच्या दारात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत आदर्श ग्राहक म्हणून आणलेली तानाक्का कोऱ्या लुगड्यात बसली होती. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "ह्यांची लुना कुटंय?"

मग तिला मंचावर बोलावलं. काय बोलायचं ते नाडगौडांनी तिच्याकडून चार वेळा पाठ करून घेतलं होतं. सुसंवादमुळे आमच्या गावाची प्रगती झाली, एवढंच. बत्रासाहेबांनी इंग्रजीत विचारलं, नाडगौडांनी मराठीत सांगितलं, "बाई, तुमच्या गावात हा एवढा बदल कसा घडला, ते सांगा."

तानाक्कानं माइक दोन्ही हातांनी धरला. सभागृहाकडे बघितलं. पाठ केलेलं वाक्य तिला आठवत असावं, पण इतक्या लांब बोलावून कुणी सरळ प्रश्न विचारला तर खोटं कसं सांगायचं, असंही तिला वाटलं असावं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "टावर ऱ्हायला पायजे हुता. म्हनून मी येक रात मेले."

बत्रासाहेबांनी हसून नाडगौडांकडे पाहिलं, अर्थ सांगा म्हणून. नाडगौडांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. आमच्या कंपनीत ते उगाच मॅनेजर झाले नव्हते.

"सर," ते इंग्रजीत म्हणाले, "बाई म्हणतात की कंपनीनं त्यांना नवं आयुष्य दिलं."

बत्रासाहेब उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, आणि त्यांच्याबरोबर मीही उठलो, कारण भाषांतरात मला काही चूक सापडेना.